दोन स्टेशनं पुढचं कॉलेज

गेल्या महिन्यात जेएफके विमानतळावरून घरी येताना कॅबवाले गृहस्थ बांगलादेशचे निघाले, सिल्हेटचे. हिंदीत गप्पा सुरू झाल्या आणि दहा मिनिटांत मुलांवर आल्या. त्यांची मुलगी इथल्याच, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझा मुलगा दुसऱ्या राज्यात, खासगी युनिव्हर्सिटीत. त्यांनी फी विचारली, मी आकडा सांगितला. आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "भाईसाब, घर के पास मिल रहा था, फिर इतना क्यों?" बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही.

कारण माझ्या मुलालाही सिटी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आम्ही ते बघायलाही गेलो नव्हतो.

पुढच्या शनिवारी एकटाच गेलो. सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, १ नंबरची गाडी आपल्या लोकांच्या ओळखीची. न्यूयॉर्कला येणारा मराठी माणूस ११६व्या रस्त्यावर उतरतो, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापुढे हात जोडतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन ते तिथे आले. मीही पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेलोय. पण तिथून फक्त दोन स्टेशनं पुढे, १३७व्या रस्त्याला, कधी उतरलो नव्हतो.

टेकडी चढून वर गेलं की शेपर्ड हॉल दिसतो. काळपट दगड आणि त्यावर पांढरं टेराकोटाचं नक्षीकाम. हा दगड सबवेचे बोगदे खणताना निघालेला. मी तिथेच थबकलो. आमच्या कोरेगाव तालुक्यात विहीर खणताना निघालेला दगड घराच्या पायाला लावतात, वाया घालवत नाहीत. या शहराने बोगद्याचा दगड गरिबांच्या कॉलेजाला लावला.

गरिबांचं हे मी उगाच म्हणत नाही. टाउनसेंड हॅरिस नावाच्या व्यापाऱ्याने आग्रह धरला आणि १८४७ साली न्यूयॉर्कच्या मतदारांनी मत देऊन हे कॉलेज मंजूर केलं. नाव फ्री अकॅडमी, फी शून्य. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७चं, म्हणजे हे कॉलेज त्याच्याही दहा वर्षं आधी. १८४९ला पहिले प्रमुख होरेस वेब्स्टर यांनी उद्घाटनाच्या भाषणात हा प्रयोग असल्याचं सांगितलं होतं: सगळ्या जनतेची मुलं शिकू शकतात का, आणि सर्वोच्च दर्जाची संस्था मूठभरांच्या नव्हे तर लोकांच्या इच्छेने चालू शकते का.

उत्तर पुढे मिळत गेलं. नामवंत खासगी कॉलेजं ज्यू मुलांना हात राखून घेत होती, तेव्हा शिंप्यांची, फेरीवाल्यांची मुलं इथे शिकली. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क इथलेच. (आपण मुलांना दोन थेंब पाजले ते सेबिन यांच्या लशीचे, साल्क यांची लस सुईची.) जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा कॉलिन पॉवेल इथे भूगर्भशास्त्र शिकला आणि पुढे परराष्ट्रमंत्री झाला.

मग १९६९. कॉलेज हार्लेममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, पण आत हार्लेमची मुलं मोजकीच. कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेऊन दार बंद केलं. १९७०पासून शहरातल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे हे कॉलेज ज्यात येतं त्या शहराच्या विद्यापीठात, कुठे ना कुठे जागा मिळू लागली. आणि सहाच वर्षांनी, शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना, फी सुरू झाली. १२९ वर्षं जे फुकट होतं, ते नेमकं ही मुलं आत आल्यावर विकत झालं. हे मला अजून पचत नाही.

आज सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे इथल्या तोंडी क्यूनीत, २५ कॉलेजं आहेत, विद्यार्थी दोन लाखांहून जास्त. राज्यातल्या मुलांना चार वर्षांच्या कॉलेजाची फी वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास, आणि घरची मिळकत कमी असेल तर बरीचशी सरकारी मदतीतून सुटते.

पण हे सगळं मला नवीन वाटावं असं नव्हतंच. मी साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचा. कमवा आणि शिकामध्ये बागेला पाणी घालून शिकलो. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा त्यांच्यामागे ना शहराची तिजोरी होती ना मतदान. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींचं मंगळसूत्रसुद्धा गेलं. न्यूयॉर्कने जे कराच्या पैशातून केलं, ते आमच्याकडे एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर उभं राहिलं. इथल्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

मग मुलाला तिकडे का पाठवलं? त्याला हवा असलेला विषय तिथे चांगला आहे. शिवाय आमची पहिली पिढी, इथे आपल्या मागे कोणी नाही, डिग्रीवरचं नाव बघून नोकरीची दारं उघडतात, हे मी वीस वर्षं पाहतोय. मी बागेला पाणी घातलं ते त्याला घालावं लागू नये म्हणूनच ना? बायको म्हणाली, "अहो, पण तुम्हाला विचारलंय कुणी?"

विचारलंय. परतीच्या गाडीत समोर एक मुलगी गुडघ्यावर वही ठेवून बीमची आकृती काढत होती, गाडी हलली की रेघ पुसत होती. शेजारी तिचा डबा. मला ते सिल्हेटचे गृहस्थ आठवले. त्यांना मी फी वर्षाला तीस हजार सांगितली होती. खरी साठ आहे.