‘प्री-गॅप्ड’ लिहिलंय म्हणून सोडू नका: ट्रकच्या स्पार्क प्लगचा माझा अनुभव

पेट्रोल किंवा सीएनजी ट्रकचे प्लग बदलणं तसं अवघड काम नाही. माझी चिडचिड होते ती खोक्यावरच्या एकाच शब्दाने: ‘प्री-गॅप्ड’, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती प्लगच्या दोन टोकांमधली फट (गॅप) कारखान्यातच लावलेली. तो वाचून लोक प्लग थेट बसवतात. मग ट्रक रिकामा असला की छान पळतो आणि माल भरून चढाला लागला की मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) सुरू. त्यावर कॉइल बदल, वायरी बदल, इंजेक्टर साफ कर. गॅप मात्र कुणी मोजलेलीच नसते.

प्लगचा नंबर इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्यावा, जुन्या प्लगवरचा नव्हे. आधीच्या माणसाने काय बसवलं असेल त्याचा भरवसा नाही. उदाहरणार्थ एनजीकेचा बीपीआर६ईएस-११: बी म्हणजे १४ मि.मी.चे आटे, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा; लवकर टाकणारा तो ‘थंड’ प्लग), ई म्हणजे १९ मि.मी. आट्याची लांबी आणि ११ म्हणजे १.१ मि.मी. गॅप. एनजीके आणि डेन्सोमध्ये हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट. कंपनी बदलताना तक्ता बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता गॅप. एकाच नंबरचा प्लग अनेक इंजिनांत जातो आणि प्रत्येकाची गॅप सारखी नसते, त्यामुळे कारखान्यात लावलेली गॅप तुमच्याच इंजिनाची असेल असं नाही. शिवाय वाटेत खोकं आपटलं की अर्थची पट्टी (मधल्या टोकासमोर वाकलेली बाहेरची पट्टी) दबते. एका खोक्यातले प्लग ओळीने मोजले की एखादा वेगळा निघतोच.

एवढ्याशा फरकाने काय होतं? भरलेल्या ट्रकला चढावर रेस दिली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठी असेल तर कॉइलची ताकद तिथे कमी पडते. सीएनजीला मुळातच पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅसवर गॅप सहसा कमी ठेवतात. फार कमी केली तर ठिणगी तोकडी पडते आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं.

मी तारेचं गेज वापरतो. गोल चकतीचं गेज निकेलच्या प्लगला एकवेळ चालेल, पण इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. चकती रेटून फिरवली की ते तुटतं. ठरलेल्या मापाची तार हलकी घासत जावी, त्यापुढची जाड तार जाऊ नये. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या टोकावर किंवा चिनीमातीवर टेकू देऊन कधीही नाही. सोडली की पट्टी किंचित उसळते, म्हणून दर वेळी पुन्हा मोजायचं. ०.२ मि.मी.पेक्षा जास्त हलवावी लागत असेल तर पट्टी तिरकी होते. त्यापेक्षा योग्य गॅपचा दुसरा नंबर आणा. जुना प्लग मोजतानाही तारच हवी. पट्टीत खळगा पडलेला असतो, सपाट पातं त्यावरून सरकतं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दिसते.

बसवताना आटे हातानेच लावा. अ‍ॅल्युमिनियम हेडला १४ मि.मी.च्या वायसरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या वायसरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बैठकीला फक्त एक सोळांश. आट्यांना ग्रीस लावू नका. तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

आणि हो, सोडवण्याआधी इंजिन गार होऊ द्या, प्लगच्या खळग्यात हवा मारा, नाहीतर तिथली वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. सगळेच फिकट तपकिरी असतील तर ठीक. एकच तेलाने काळा निघाला तर नवा प्लगही तसाच होणार. तिथे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावं लागेल.