चाई पडलेल्या जागी केस पुन्हा येतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की 'किडा लागला' असे समजून लोक आधी घरचे उपाय करतात. लसूण चोळून कातडी भाजून घेतलेले पेशंटही मी पाहिले आहेत.

किडा नसतो. केसाच्या तळाशी असलेल्या फुगीर भागावर आपल्याच रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे टी-पेशी, चाल करून येतात आणि वाढीला लागलेला केस मुळाशी बारीक होऊन तुटतो. भिंगातून पाहिले तर चट्ट्याच्या कडेला असे तुटके केस दिसतात, वर जाड आणि त्वचेकडे निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशी मात्र त्या तळाशी नसतात. अंगावर काटा आणणारा इवलासा स्नायू जिथे केसाच्या कोषाला जोडलेला असतो, तिथे, बऱ्याच वर, त्यांचा मुक्काम असतो. हल्ला खाली होतो आणि बियाणे वर शाबूत राहते, म्हणून एखाद-दुसरा चट्टा असेल तर केस बऱ्याचदा परत येतात, पुष्कळदा आधी पांढरे. लायकेन प्लॅनोपायलॅरिस या केस घालवणाऱ्या दुसऱ्या आजारात मात्र सूज नेमकी त्या वरच्या भागात येते, मूळ पेशी मरतात, त्वचेवरची छिद्रे बुजतात आणि तिथला केस कायमचा जातो. म्हणूनच मी आधी छिद्रे शोधते.

मग प्रतिकारशक्ती सरसकट दाबून टाकावी, असे कोणालाही वाटेल. पण इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी याच मूळ पेशींच्या शेजारी वस्ती करून असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की उंदराच्या पाठीवरचे केस उपटून या पेशी नाहीशा केल्या, तर केस नीट उगवतच नाहीत, कारण आपल्या अंगावरच्या जॅग्ड-१ या प्रथिनाने मूळ पेशींना कामाला लावणारे तिथे कोणी उरत नाही. म्हणजे राखण करणाऱ्यांपैकीच काही जण पेरणीलाही हातभार लावतात. हे वाचल्यापासून 'इम्युनिटी वाढवणारे' तेल विकणाऱ्यांना नेमकी कोणती पेशी वाढवता, असे विचारायचा मोह मला होतो.

तीव्र चाईसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले बॅरिसिटिनिब हे गोळीच्या रूपातले औषध हल्ल्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचू देत नाही, त्यामुळे अनेकांचे केस येतात. गोळी थांबवली की पुष्कळांचे पुन्हा गळतात. चिठ्ठी लिहिण्याआधीच मी हे सांगते, आणि लसणाचेही.