रात्री वर, सकाळी खाली

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या दांड्या सतत सरकतात. ओहोटीला इंजिन उचलता आलं नाही की पंखा वाळूत रुतलाच. पावसाळा संपल्यावर तिथल्या एका पर्यटक बोटीचं काम आलं. संध्याकाळी पूर्ण वर घेतलेलं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, सकाळी पाण्यात उतरलेलं असायचं. ते वर-खाली करणाऱ्या मोटरचे दोन्ही रिले (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) आधीच बदलून झाले होते. तो खर्च वाया गेला, कारण बटण दाबल्यावर मोटर दोन्ही दिशांना फिरत होती, म्हणजे विजेचा दोष नव्हताच.

१२ व्होल्टची ही मोटर तेलाचा छोटा गिअर पंप फिरवते. एका दिशेला फिरली की तेल सिलिंडरमधल्या दट्ट्याच्या खाली जातं आणि इंजिन उचललं जातं, उलटी फिरली की दट्ट्याच्या वर जातं. बटण सोडल्यावर तेल अडवून धरतात ते एकमार्गी व्हॉल्व. बाहेर थेंबही गळत नसताना इंजिन उतरत असेल, तर तेल आतल्या आतच पळतंय.

अशा वेळी आधी हाताने दाब सोडायचा स्क्रू पाहावा, तो ब्रॅकेटच्या बाजूच्या भोकात असतो. घट्ट वाटला, तरी काढून बघायचा ठरवलं. त्याआधी इंजिन पूर्ण वर घेऊन टिल्ट लॉकवर (वर घेतलेलं इंजिन अडवून धरणारा आधार) टेकवलं, शिवाय दोरीने बांधलं. ही पायरी कधीच गाळू नये. स्क्रू निघाल्यावर दट्ट्याखाली आधार उरत नाही आणि इंजिन हातावर येतं. सर्क्लिप (स्क्रू अडवून ठेवणारी कडी) काढून स्क्रू बाहेर घेतला. त्याची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) चिरलेली, आट्यांत वाळू. बॅटरी उतरली असताना कुणीतरी इंजिन हाताने हलवायला स्क्रू सैल केला आणि मग वाळूसकट आवळला असणार.

तेलही दुधाळ होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. दट्ट्याच्या रॉडवर मिठाची पुटं चढून वरचं सील खरवडलं गेलं होतं. इंजिन वर ठेवलं की रॉड उघडा राहतो, म्हणून रोज गोडं पाणी मारायलाच हवं.

नवीन सील आणि ओ-रिंगा बसवल्या, जुनं तेल पूर्ण काढून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरलं. पातळी इंजिन वर असतानाच, तेल भरायच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत बघायची. इंजिन खाली असताना बूच उघडलं तर तेल उसळतं. पाच वेळा वर-खाली केलं, हवा निघाली तशी पातळी उतरली, पुन्हा भरलं.

संध्याकाळी लॉक न लावता रॉडवर चिकटपट्टीची खूण केली. सकाळी सात वाजता खूण जागच्या जागी होती.