जकात नाक्यावरचा रसायनशास्त्रज्ञ

पॅरिसचं 'आर-ए-मेतिए' संग्रहालय सोमवारी बंद असतं. हे मी न बघता निघाले, त्यामुळे पहिला दिवस बंद दारासमोर क्रोसाँ खाण्यात गेला. "तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंस, एक वेळापत्रक वाचता येत नाही?" इति आमचे हे. हे सीए आहेत. चूक कोणाच्या खात्यावर टाकायची ते आधी ठरतं, मग चहा.

मंगळवारी पुन्हा गेलो. मेट्रोच्या 11 नंबरच्या लाइनचा तिथला फलाट अख्खा तांब्याच्या पत्र्यानं मढवलाय. रिव्हेट ठोकलेले, भिंतीत गोल खिडक्या. आजोळच्या आंघोळीच्या बंबात शिरल्यासारखं वाटलं. ही सजावट 1994 सालची, हे संग्रहालय ज्या संस्थेचं, तिला 200 वर्षं झाली तेव्हाची. म्हणजे संस्थेची स्थापना ऑक्टोबर 1794. मी ज्याच्यासाठी आले होते त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिएचं डोकं त्याच वर्षी 8 मेला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, गिलोटिनखाली गेलं होतं. अवघ्या पाच महिन्यांचं अंतर. (आमची मुलं त्याला लॅव्हाझिअर म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते.)

त्याच्या प्रयोगशाळेतलं सामान इथे काचेआड आहे. भट्ट्या, बाटल्या असं काहीतरी जादूगाराच्या घरातलं दिसेल असं वाटत होतं. पाहते तर नजर जाईल तिकडे मोजायची साधनं. तराजू, वायू मोजायची पितळेची भलीमोठी गॅसोमीटर, आणि गणितज्ञ लाप्लाससोबत उष्णता मोजायला केलेला बर्फाचा कॅलरीमापी. वितळलेल्या बर्फाचं पाणी तोलायचं, त्यावरून उष्णता किती ते काढायचं. गॅसोमीटर इतकी महागडी की हे प्रयोग पुन्हा करून बघणार कोण, अशी तक्रार तेव्हाही होती. मला ती रास्त वाटते. विज्ञान सगळ्यांचं म्हणायचं आणि उपकरण मात्र एकाच श्रीमंताला परवडणारं.

हे कंटाळले होते. म्हणून काचेसमोर उभ्याउभ्या त्यांना पाऱ्याचा प्रयोग सांगितला. त्या काळी मानत, की जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात 'फ्लोजिस्टन' असतं आणि जळताना ते निघून जातं. पण धातू तापवला की त्याची जी राख होते, ती मूळ धातूपेक्षा जड भरते. काहीतरी गेलं आणि वजन वाढलं? त्यावर काहींनी तोड काढली, की फ्लोजिस्टनचं वजनच उणे असतं.

"सस्पेन्स खातं!" हे एकदम जागे झाले. "ताळेबंद जुळेना की फरक तिथे ढकलायचा."

अगदी तेच. लाव्हाझिएनं 4 औंस पारा आणि 50 घनइंच हवा बंदिस्त करून बारा दिवस तापवली. पाऱ्यावर लाल पूड जमली आणि हवा 42-43 घनइंचांवर आली. ती पूड भरली 45 ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं जुनं, बारीक माप). ती वेगळी काढून जास्त आचेवर तापवली, तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि 7-8 घनइंच वायू सुटला. हवेच्या खात्यातून जेवढं गेलं होतं तेवढंच पुडीच्या खात्यातून बाहेर आलं. ह्यांनी मनातल्या मनात बेरीज करून बघितली, मग मान डोलावली. तीस वर्षांत माझ्या एकाही वर्गानं द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाला अशी दाद दिलेली नाही.

तसा हा वायू रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीनं इंग्लंडमध्ये 1774 सालीच मिळवला होता, आणि त्याच वर्षी पॅरिसला येऊन लाव्हाझिएच्या जेवणाच्या टेबलावर ते सांगितलंही होतं. पण प्रीस्टली शेवटपर्यंत फ्लोजिस्टन धरून बसला. लाव्हाझिए आधी त्या वायूला 'जीवनदायी हवा' म्हणत असे. नंतर ग्रीक शब्दांपासून 'ऑक्सिजन' हा शब्द घडवला, अर्थ आम्ल निर्माण करणारा, कारण सगळी आम्लं त्यापासूनच होतात असा त्याचा समज होता. तो चुकीचा ठरला. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नसतो. जग त्या चुकलेल्या नावानं बोलतं, आपला 'प्राणवायू' मात्र त्याच्या पहिल्या, बरोबर नावाच्या शेजारी बसतो.

माझा जीव अडकला तो त्याच्या बायकोच्या चित्रांत. मारी-आन लग्नात 13 वर्षांची होती. पुढे ती चित्रकला शिकली, इंग्रजी शिकली, आणि नवऱ्याच्या 1789 च्या ग्रंथातल्या तेरा चित्रपानं तिनं काढली. श्वसनाच्या प्रयोगाच्या तिच्या एका रेखाटनात एक माणूस मुखवटा लावून श्वास घेतोय, नवरा सूचना देतोय आणि एका बाजूला टेबलाशी ती स्वतः बसून नोंदी लिहितेय. स्वतःला चित्रात घ्यायला ती विसरली नाही, हे मला फार आवडलं.

"पण एवढा पैसा यायचा कुठून?" हा प्रश्न ह्यांचाच. करवसुलीतून. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि जनतेकडून कर आपण गोळा करायचे, अशी ती कंपनी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला इजारा आठवा. लाव्हाझिए त्यातला भागीदार. शहरात चोरून माल येतो म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधायची कल्पनाही त्याचीच. सुमारे 24 किलोमीटरची भिंत आणि जागोजाग जकात नाके. लोक इतके चिडले, की भिंतीवर फ्रेंचमध्ये कोट्या रचल्या गेल्या. "मुलुंडच्या नाक्याची भानगड यानं काढली म्हणायची," ह्यांचा शेरा.

"प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही" असं लाव्हाझिएला शिक्षा देताना न्यायाधीश म्हणाल्याचं मीही वर्गात रंगवून सांगत असे. ते वाक्य मागाहून चिकटवलेलं आहे. खटला चालला तो करवसुली करणाऱ्या या इजारदारांवर. एका दिवसात 28 जण गेले, त्यात त्याचा सासराही.

बुधवारी पार्क मोंसोला गेलो. बागेच्या दाराशी खांबांची गोल इमारत आहे, ती त्याच भिंतीचा नाका. आता तिथे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. तिथून चालत थोड्याच अंतरावर, 97 रु द मोंसो या घराच्या भिंतीवर एक पाटी आहे. इथे एरांसीचं कब्रस्तान होतं, गिलोटिनवरची प्रेतं इथे पुरली. लाव्हाझिएला इथेच टाकलं, आणि तीन महिन्यांच्या आत क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएरलाही. आजूबाजूला नुसती राहती घरं. एक बाई कुत्र्याला घेऊन आमच्याकडे बघत गेली.

पुढे इथली हाडं उकरून शहराखालच्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे हाडं रचलेल्या भुयारांत नेली. तिथे उतरायचं दार दांफेर-रोशरो चौकात. तिथे पोचल्यावर मी मान वर करून बघितलं, तर दारावरची जुनी दगडी इमारत ओळखीची वाटली. हाही त्याच्याच भिंतीचा जकात नाका. ह्यांनी पाकीट काढलं आणि तिकिटाच्या रांगेत उभे राहिले.