एक गाणं, सत्तावीस चतुर्युगं

मुलांसाठी काळप्रवासाचं गमतीदार चित्रपुस्तक करायचं म्हटलं की बहुतेकांना आधी यंत्र सुचतं. चार दिवे, एक दांडा, चुकून दाबलेलं बटण. मग डायनासोर, मग पिरॅमिड आणि शेवटच्या पानावर आईची जेवायला हाक. एच. जी. वेल्सने १८९५ साली कादंबरीत काळाचं यंत्र आणलं, तेव्हापासून सगळे तेच चालवतायत. मला कुणी असं पुस्तक करायला दिलं, तर माझा नायक असेल उपवर मुलीचा बाप.

कुशस्थळीचा राजा ककुद्मी आणि त्याची लेक रेवती. भागवताच्या नवव्या स्कंधात त्यांची गोष्ट आहे, विष्णुपुराणातही आहे. मुलगी कुणाला द्यावी हे विचारायला हा बाप तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे हाहा आणि हूहू नावाचे दोन गंधर्व गात होते. (नावं मी ठेवलेली नाहीत. मुलं हसायला इथूनच सुरुवात करतील.) गाणं चालू असताना मध्ये बोलू नये, एवढी रीत राजाला होती. तो बसून राहिला. दोन घटका गेल्या असतील, असं त्याला वाटलं. गाणं संपल्यावर त्याने मनातली स्थळं सांगितली आणि ब्रह्मदेव हसला. तुझं गाणं ऐकून होईपर्यंत खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, म्हणाला. ती मुलं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं गेली, त्यांची गोत्रंसुद्धा आता कुणाच्या कानावर येत नाहीत. गोत्रच उरलं नाही तर पत्रिका कुणाशी जुळवणार?

ही गोष्ट फिरवून ‘सापेक्षतावाद आमच्याकडे आधीच होता’ असं सांगणारे निरोप मोबाइलवर अधूनमधून येतात. इतक्या मजेदार गोष्टीचं त्यांनी भाषण करून टाकलंय.

खरी मजा चित्रांत आहे. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून कापला की पानं आठाच्या, सोळाच्या पटीतच निघतात. त्यातली बाराएक पानं मी नुसती त्या गाण्याला देईन. डावीकडच्या पानावर दर वेळी तेच चित्र: राजा मांडीवर ताल धरून मान डोलावतोय, रेवती जांभई देतेय. मजकूर एकच ओळ: ‘गाणं चालू होतं.’ आणि उजवीकडे खाली पृथ्वी. एका चतुर्युगाची वर्षं ४३,२०,०००. त्यांची सत्तावीस पट म्हणजे ११,६६,४०,०००. पुराणाचा हिशेब भूशास्त्राच्या वहीत उतरवू नये हे मला कळतं, पण चित्रकाराला कोण अडवणार? अकरा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर होते, हिमालय नव्हता, आपला सह्याद्रीही नव्हता. मग तिसऱ्या ‘गाणं चालू होतं’ला उजवीकडे एक डायनासोर अंडी उबवत बसेल. पाचव्याला, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या सुमाराला, दख्खनभर लाव्हा पसरेल आणि डायनासोर गायब होतील. सहाव्याला भारताची भूमी उत्तरेला जाऊन आशियाला धडकेल, हिमालय वर उचलला जाईल. डावीकडे राजा फक्त म्हणेल, ‘वाहवा!’ काय चाललंय हे वाचणाऱ्या आजोबांना ओळीत सापडणार नाही. मांडीवरचं नातवंड बोट ठेवून दाखवेल. चित्रपुस्तकाची गंमत इथेच असते: शब्दांना काही पत्ता नसतो आणि अक्षरओळख नसलेल्या पोराला सगळं ठाऊक असतं.

पुढे राजा परत येतो. विष्णुपुराण म्हणतं, माणसं आखूड झाली होती, त्यांची शक्ती आणि अक्कलही कमी झाली होती. नगरीचंही नाव बदलून द्वारका झालेलं. ब्रह्मदेवाने सुचवलेला वर म्हणजे बलराम. तो या नव्या, ठेंगण्या काळातला आणि रेवती जुन्या मापाची. हे पान वर उलगडत जाणारं हवं, एकदा उघडलं, दोनदा उघडलं, तरी तिचं डोकं दिसू नये.

इथे माझं पुराणाशी पटत नाही. बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या मापाची करून घेतली, असं तिथे आहे. एवढी उंच मुलगी आणि उपाय म्हणून तिलाच छाटायची? कुठलीही पाच वर्षांची मुलगी विचारेल, ‘मग तोच का नाही मोठा झाला?’ याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून नांगर मी पुस्तकात घेणारच नाही. बलरामाला चौरंगावर चौरंग रचून उभा करीन आणि लग्न आपल्या पद्धतीने लावीन. भटजींनी दोन्ही हात ताणून अंतरपाट धरलाय, तो रेवतीच्या गुडघ्याशी. अक्षता टाकायला पाहुणे झाडांवर चढलेत. वरून तिला नवरदेव, मांडव आणि मागचा समुद्र सगळं आधीच दिसतंय. मंगलाष्टकं म्हणायला हाहा आणि हूहू येऊन बसलेत, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ककुद्मी धावत जाऊन दोघांच्या तोंडात एकेक लाडू कोंबतोय.