चाललंय!

आमच्या खोलीतलं कपाट ओल येणाऱ्या भिंतीला टेकून उभं आहे आणि ते तिथून हलवायला हवं, याबाबत आम्हा नवरा-बायकोचं चार वर्षांपासून एकमत होतं. इतका काळ टिकलेलं आमचं दुसरं एकमत मला आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी दोघंही कमरेवर हात ठेवून कपाटासमोर उभे राहायचो. तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी बघू या?" मी म्हणायचे, "चालेल." कपाट काही चालत नसे.

याला जडत्व म्हणतात, असं शाळेत शिकवलं होतं. बाहेरून बल लावलं नाही, तर वस्तू आहे तशीच राहते. शब्दच असा, की ऐकल्याबरोबर काहीतरी सुस्त, लोळत पडलेलं डोळ्यांपुढे येतं. इंग्रजीत याला 'इनर्शिया' म्हणतात, त्याच्या मूळ लॅटिन शब्दातही आळसच आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो जड पदार्थांना लावला, कारण त्याच्या मते पदार्थाचा ओढा थांबण्याकडेच असतो. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात शब्द तोच ठेवला, आळस मात्र काढून टाकला. थांबलेली वस्तू थांबलेली राहते हे झालं अर्धं. चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत चालत राहते हे उरलेलं अर्धं, आणि नेमकं तेच आपण परीक्षेनंतर विसरतो. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सोडलं. अजूनही ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने लांब लांब चाललंय, आणि पुढे जाण्यासाठी त्याला इंजिन लागत नाही.

नात्यांच्या बाबतीत मात्र आपण सगळे केप्लरच्या पक्षाचे. 'त्यांचं काय, आता नुसतं सवयीने चाललंय' असं म्हणताना आवाजात कीव असते. जणू चालत राहणं ही काही गोष्टच नव्हे.

अर्थात कीव करण्याजोगं जडत्वही असतं. २००६ साली डेन्व्हर विद्यापीठातल्या स्कॉट स्टॅनली, गॅलेना रोड्स आणि हॉवर्ड मार्कमन या तिघांनी लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल लिहिताना हाच शब्द उचलला. आधी एकाचा टूथब्रश दुसऱ्याकडे राहायला येतो. मग चार कपडे, मग चार्जर, मग दोन-दोन भाडी कशाला भरायची म्हणून अख्खा माणूस. 'आपण एकत्र राहायचं का?' हा प्रश्न मध्ये कधी कुणी विचारलेलाच नसतो. ठरवणं वेगळं आणि घसरत जाणं वेगळं, असं या तिघांचं म्हणणं. पुढे वेगळं व्हायचं म्हटलं तर पलंग कुणाचा, मांजर कुणाकडे, इथून सुरुवात. वेगळ्या घरांत राहते तर ज्यांनी केव्हाच एकमेकांचा निरोप घेतला असता, अशी काही जोडपी त्यापेक्षा लग्न सोपं म्हणून लग्न करून मोकळी होतात.

मला हे पटतं. फक्त त्या पलंगाची आणि मांजराची बाजू घ्यावीशी वाटते. वस्तुमान हे जडत्वाचं माप. जेवढं वस्तुमान जास्त, तेवढी वस्तू हलवायला अवघड, आणि तेवढीच ती थांबवायलाही अवघड. नव्या नव्या दिवसांत आमचं नातं पिसासारखं होतं, एका न उचललेल्या फोनने ते दिवसभर गिरक्या घ्यायचं. आता बावीस वर्षांचं सामान त्यात भरलंय. मध्यंतरी एका हरवलेल्या किल्लीवरून आमचा दोन दिवस अबोला होता. 'शेवटची तुझ्याच हातात होती' हे वाक्य दोघांनीही दोघांना ऐकवून झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आत येऊन विचारलं, "माझा चष्मा पाहिलास?" मी म्हटलं, "डोक्यावर आहे." संपला अबोला. माफी कुणीच मागितली नाही. एवढ्या वजनाची गाडी किल्लीएवढ्या खड्ड्याने थांबत नाही.

पण आपण चाललोय की थांबलोय, हे आतून कळतं का? गॅलिलिओने १६३२ साली वाचकाला एका मोठ्या जहाजाच्या बंद खोलीत नेऊन बसवलं. सोबत फुलपाखरं, भांड्यात मासे, वर टांगलेल्या बाटलीतून खालच्या भांड्यात ठिबकणारं पाणी. जहाज उभं असताना हे सगळं नीट पाहा म्हणाला. मग जहाज हवं तेवढ्या वेगाने जाऊ दे, फक्त वेग एकसारखा हवा, हेलकावे नकोत. थेंब पूर्वीसारखेच सरळ खाली पडतील, फुलपाखरं मागे राहणार नाहीत. आतल्या कशावरूनही सांगता येणार नाही, की जहाज चाललंय की धक्क्याला उभं आहे.

"कसं काय?" असं कुणी विचारलं की आम्ही दोघंही म्हणतो, "चाललंय." इतकी वर्षं हा शब्द वापरतेय, पण तो गतीचा आहे की विरामाचा, हे मला सांगता येणार नाही. तो कामासाठी आठवडाभर गावाला गेला, तेव्हा जरासा हिसका बसला खरा. अख्खा पलंग मोकळा असून मी माझ्याच कडेला झोपत होते. हात पसरायला जागा होती, पण पसरला नाही.

तर, परवा कपाट हलवलं. मी एका बाजूने खांदा लावला, तो दुसऱ्या बाजूला. एक, दोन, तीन! कपाट ढिम्म. पुन्हा एक, दोन, तीन. तो लालबुंद. "अगं, ओढ ना!" "ओढ काय? मी ढकलतेय!" "मीही ढकलतोय!" दोघांनी समोरासमोरून जीव खाऊन, जवळपास सारखाच जोर लावला होता. नंतर आम्ही जमिनीवर बसून हसलो. मग दोघंही एकाच बाजूला गेलो. (मास्तर रागावायला नकोत म्हणून सांगते, कपाट अडून बसण्यात जडत्वापेक्षा घर्षणाचा हात मोठा. उभ्या वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असतं.) कर्र असा एक आवाज झाला, बोटभर हललं, आणि त्यानंतर मात्र कपाट बऱ्यापैकी शहाण्यासारखं सरकत गेलं.

खाली फरशीवर एक उजळ चौकोन निघाला. त्यात धूळ, एक बटण, कंगव्याचा तुकडा, आणि ती किल्ली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटची कुणाच्या हातात होती, हे विचारायचा दोघांनाही मोह झाला असणार. पण ती कुठल्या कुलपाची, हेच आता आम्हाला आठवेना.

त्याच रात्री वीज गेली. चादर काढायला मी चाचपडत उठले आणि पाय आपोआप जुन्या भिंतीकडे वळले. हात पुढे केला, तर तो कपाटाऐवजी त्याच्या पाठीला लागला. तो आधीच तिथे उभा होता, अंधारात भिंत चाचपत.

"कपाट कुठंय?" त्याने विचारलं.