मिस्टरांचं नाव?

केसपेपर काढताना मी गेली अकरा वर्षं विचारत आलेय, "मिस्टरांचं नाव?" पेपरवर तशी ओळच छापलीय. आमचं स्त्रीरोगाचं छोटं हॉस्पिटल नव्या पेठेत, अभ्यासिकांच्या गराड्यात. एमपीएससीवाल्या मुलींच्या पेपरवर ती ओळ रिकामीच राहते.

त्या मंगळवारी आलेल्या मुलीनं मात्र नाव सांगितलं, जरा अडखळून. गळ्यात मंगळसूत्र. आत टेबलावर झोपताना ते वर सरकलं, तर हुकापाशी किमतीचं स्टिकर. साठ रुपये. तुळशीबागेतलं असणार.

मी गप्प राहिले. पण मी पाहिलंय हे तिला कळलं आणि रडूच फुटलं. "सिस्टर, रूममेट म्हणाली, लग्न झालं नसेल तर घरी फोन लावतात."

आणि दुखणं काय, तर खाज आणि दह्याच्या कवडीसारखं पांढरं जाणं. बुरशीचा संसर्ग. तीन महिने अंगावर काढलेला! मध्ये एका मेडिकलवाल्यानं परस्पर अँटिबायोटिक दिलं, त्यानं उलट वाढलं. बुरशीला लग्नाशी काय देणंघेणं? विचारायचं तर संबंध आलेत का ते विचारावं, तेही पडद्याआड. डॉक्टर मॅडमनी तेवढंच विचारलं. तिनं मान हलवली. सहा रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या, संपलं.

जाता जाता, अर्थातच "मैत्रिणीसाठी", तिनं गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या इमर्जन्सी गोळीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ त्या गोळीनं पडत नाही. पाळी चुकली तर मैत्रिणीला मनानं काही घेऊ देऊ नकोस, इकडे घेऊन ये. अठरा पूर्ण असतील तर गर्भपातालाही तिची एकटीची सही पुरते. घरी कुणी कळवत नाही."

गर्भपाताच्या कायद्यात गर्भनिरोधक फसल्याच्या कलमात आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं होतं. 2021च्या दुरुस्तीनं तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. आमच्या केसपेपरवर पती अजून तसाच.

संध्याकाळी ऑफिसात विषय काढला. "छापलेला गठ्ठा संपू दे, मग बघू," असं उत्तर आलं. मोजले. चौदाशे निघाले. तेव्हापासून ओपीडी सुरू व्हायच्या आधी त्या दिवसापुरत्या तीस-चाळीस पेपरांवरची ती ओळ मी पेनानं खोडून ठेवते.